चंदेरी ट्रेलरवाला वॅली बायम

आमच्या घरी कॅम्पिंगचा विषय निघाला की गाडी नेहमी एकाच ठिकाणी अडायची. तंबूत झोपायला माझी कधीच ना नव्हती. पण बायकोचं म्हणणं असं, की जिथे कुकरची शिट्टी होत नाही आणि रात्री बाथरूमला जायला टॉर्च शोधावा लागतो, तिथे सुट्टी कसली? शेवटी दोन वर्षांपूर्वी लेबर डेच्या लाँग वीकेंडला आम्ही मधला मार्ग काढला. एक छोटा ट्रॅव्हल ट्रेलर भाड्याने घेतला, मित्राचा पिकअप ट्रक मागून आणला आणि सॅन होजेहून पाचेको पास ओलांडून सॅन लुईस जलाशयापाशी दोन रात्री राहायचं ठरवलं. अंतर साठ-सत्तर मैल. एवढ्याशा अंतरासाठी काय मोठी तयारी करायची, असा माझा हिशेब.

तो हिशेब पाचेको पासच्या उतारावर चुकला. हायवे १५२ ला तिथे वारा चांगलाच झोडपतो, आणि मालवाहू ट्रकांची रांग कायम असते. असाच एक अठरा चाकी ट्रक बाजूने निघून गेला आणि आमच्या ट्रेलरची शेपटी डोलायला लागली. आधी थोडी डावीकडे, मग जास्त उजवीकडे, मग पूर्ण पिकअपच हलायला लागला. मी घाबरून ब्रेक दाबला, तशी ती डोलकाठी आणखी वाढली. मागच्या सीटवर आमची आठ वर्षांची मुलगी गाणी म्हणत होती, ती एकदम गप्प झाली. नशिबाने पाय ब्रेकवरून निघाला, पुढे रस्ता थोडा सपाट झाला, वेग चाळिसाच्या खाली आला आणि ट्रेलर शहाण्यासारखा मागे चालायला लागला. कॅम्पग्राउंडला पोचेपर्यंत गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

शेजारच्या जागेवर एका निवृत्त गृहस्थांचा ॲल्युमिनियमचा, गोलसर, चंदेरी ट्रेलर उभा होता. माझा चेहरा बघूनच त्यांना काय झालं असेल ते कळलं असावं. त्यांनी आमच्या ट्रेलरभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या बंपरवरच्या सायकली बघून मान हलवली. आत मागच्या टोकाला मी पाण्याचे पाच-पाच गॅलनचे चार कॅन, जनरेटर आणि बायकोचं अख्खं स्वयंपाकघर रचलं होतं. नुसतं पाणीच १६५ पौंडांच्या आसपास! त्यांनी समजावून सांगितलं, की वजन मागे गेलं की ट्रेलरचा पुढचा दांडा हलका होतो, आणि पुढून हलका झालेला ट्रेलर डोलणारच.

हे ऐकताना मला आजोबांचा एक शब्द आठवला. बैलगाडीत मागे जास्त माल भरला तर ते म्हणायचे, गाडी उलाळ झाली. उलाळ गाडीत जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. माल फार पुढे आला तर बैलांच्या माना सोलतात. म्हणजे जी गोष्ट आजोबांना शाळेत न जाता माहीत होती, ती इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या नातवाला फ्रीवेवर शिकावी लागली.

त्या संध्याकाळी चहा पिता पिता त्या गृहस्थांनी त्यांचा ट्रेलर ज्याच्या डोक्यातून निघाला त्या माणसाचं नाव सांगितलं. वॅली बायम. एअरस्ट्रीम कंपनीचा संस्थापक. नाव ऐकलं होतं, पण माणूस माहीत नव्हता. घरी आल्यावर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो, आणि जाणवलं ते हे, की हा माणूस जन्मभर माझ्यासारख्याच चुका करत होता. फरक एवढाच, की तो प्रत्येक चूक पुढच्या वेळी निघण्याआधी दुरुस्त करायचा.

वॅली बायमचा जन्म ४ जुलै १८९६ चा, ऑरेगन राज्यातल्या बेकर सिटीचा. म्हणजे अमेरिकेचा आणि त्याचा वाढदिवस एकच. पोरवयात त्याने डोंगरात मेंढ्या राखायचं काम केलं. तेव्हा त्याचं घर म्हणजे गाढवाने ओढायची एक छोटी गाडी. तिच्यात रॉकेलचा स्टोव्ह, खाण्याचे जिन्नस, पाण्याची बादली आणि अंथरूण. मेंढरं पुढे सरकली की घरही पुढे सरकायचं. आपल्याकडचे धनगर घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकण-देश करतात, त्यांना यात नवल वाटणार नाही. पण वॅलीच्या डोक्यात ती गाडी कायमची राहिली.

पुढे तो स्टॅनफर्डला शिकला, १९२१ मध्ये पदवीधर झाला आणि लॉस एंजेलिसमध्ये जाहिरात आणि प्रकाशनाच्या धंद्यात पडला. स्वतःची मासिकं काढायचा. त्यातल्या एका मासिकात घरच्या घरी ट्रेलर कसा बांधावा यावर कोणाचातरी लेख छापला गेला, नकाशासकट. थोड्याच दिवसांत वाचकांच्या तक्रारी यायला लागल्या, की नकाशाप्रमाणे काही जमत नाही. आमच्या धंद्यात याला बग रिपोर्ट म्हणतात, आणि बग रिपोर्ट आला की पहिली प्रतिक्रिया असते ती युजरचंच चुकलं असणार ही. वॅलीने मात्र तो नकाशा घेऊन स्वतः ट्रेलर बांधायला सुरुवात केली आणि वाचकांचं बरोबर आहे हे त्याला कळलं. मग तो स्वतःच डिझाइन करायला बसला.

इथे त्याच्या पत्नीचा, मॅरियनचा, वाटा मोठा आहे. तिला कॅम्पिंग चालायचं, पण स्वयंपाकघराशिवाय नाही. (हे वाचून आमच्या घरात केवढा आनंद झाला म्हणून सांगू!) वॅलीने आधी फोर्ड मॉडेल टीच्या सांगाड्यावर तंबू उभारायची सोय केली. पण मुक्कामाला पोचल्यावर तो तंबू उभारणं म्हणजे कटकट, आणि पावसात तर हालच. मग त्याने थेंबाच्या आकाराची एक बंद खोली बांधली. आत झोपायची जागा, स्टोव्ह आणि बर्फाची पेटी. पुढे त्याने जमीन चाकांच्या मध्ये खाली उतरवली आणि छत वर उचललं, त्यामुळे आत माणूस सरळ उभा राहू शकायला लागला. यात एक दुसरा फायदा आपोआप झाला. जमीन खाली म्हणजे वजन खाली, आणि वजन खाली म्हणजे वळणावर ट्रेलर कलंडण्याची भीती कमी.

रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, आम्हालाही असा बांधून दे. वॅलीने नकाशे विकले, पाच डॉलरला एक. मग घराच्या मागच्या अंगणात ट्रेलर बांधायला लागला. ठोकाठोकीला वैतागून शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, तेव्हा १९३१ च्या सुमारास त्याने कल्व्हर सिटीत छोटा कारखाना थाटला. तो मंदीचा काळ होता. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या आणि हा बाबा सुट्टीवर न्यायचं घर विकत होता.

याच सुमारास हॉली बोलस हे नाव गोष्टीत येतं. लिंडबर्गने ज्या विमानातून १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडला, त्या स्पिरिट ऑफ सेंट लुईसच्या बांधणीवर या बोलसची देखरेख होती. ग्लायडर बनवण्यात त्याचा हातखंडा. त्याने १९३४ मध्ये विमानासारखाच, ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेला रोड चीफ नावाचा ट्रेलर बनवला. सुंदर होता, पण दार पुढे होतं, म्हणजे आत शिरायला दांड्यावरून चढून जायचं. आणि किमतीमुळे फार खपला नाही. वॅलीने त्या धंद्यात आधी विक्रीचं काम केलं आणि बोलसची कंपनी बुडाल्यावर ते डिझाइन पुढे नेलं. दार बाजूला आणलं आणि जानेवारी १९३६ मध्ये एअरस्ट्रीम क्लिपर बाजारात आणला. चार माणसांची झोपायची सोय, पाण्याची टाकी, विजेचे दिवे. किंमत १,२०० डॉलर. तेव्हाच्या मानाने महाग, तरी मागणी पुरी होईना.

क्लिपर बघायला छान होता हे खरं, पण त्याचा गोलसर आकार शोभेसाठी नव्हता. चौकोनी खोक्याला समोरचा वारा अडतो आणि बाजूचा वारा ढकलतो. गोल अंगावरून वारा सरकून जातो. ॲल्युमिनियमचं कवच हलकं, आणि कवचच भार पेलतं म्हणून आत जड सांगाडा लागत नाही. हलका, बुटका आणि गोल ट्रेलर गाडीच्या मागे निमूट चालतो. पाचेको पासच्या वाऱ्यात मी अनुभवलं त्याचं अर्धं उत्तर वॅलीने १९३६ मध्येच देऊन ठेवलं होतं. उरलेलं अर्धं उत्तर सामान भरणाऱ्याच्या हातात असतं.

दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांसाठी राखून ठेवलं गेलं आणि एअरस्ट्रीम बंद पडली. वॅली लॉस एंजेलिसच्या विमान उद्योगात नोकरीला लागला. धंदा गेला, पण पत्रा, रिव्हेट आणि वजन यांचं शिक्षण पगार घेऊन झालं. युद्धानंतर त्याने पुन्हा कंपनी उभी केली. १९४७ मधला एक फोटो प्रसिद्ध आहे. आल्फ्रेड लेटूर्नर नावाचा फ्रेंच सायकलपटू एअरस्ट्रीमचा ट्रेलर चक्क सायकलने ओढतोय. ट्रेलर किती हलका आहे याची याहून चांगली जाहिरात कुठली? जाहिरातीच्या धंद्यात वॅलीने वर्षं उगाच घालवली नव्हती.

पण मला त्या फोटोत एक गोष्ट दिसते जी जाहिरातीत सांगायची नसते. सपाट जागी ट्रेलर ओढायला फार ताकद लागत नाही. ताकद लागते तो थांबवायला. त्या सायकलवाल्याला उतारावर सोडलं असतं तर काय झालं असतं कल्पना करा. म्हणून आजच्या बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलरना स्वतःचे ब्रेक असतात आणि ड्रायव्हरजवळ एक छोटा कंट्रोलर असतो. त्यावरची पट्टी दाबली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रेलर डोलायला लागला तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ती पट्टी हलकेच दाबायची. मग ट्रेलर गाडीला मागे खेचतो आणि सगळं पुन्हा एका रेषेत येतं. गाडीचा ब्रेक जोरात मारला तर ट्रेलर गाडीवर चढून येऊ पाहतो. मित्राच्या पिकअपमध्ये ती पट्टी होती. मी तिला एकदाही हात लावला नव्हता.

१९५१ मध्ये वॅलीने ठरवलं, की आपल्या ट्रेलरवाल्यांना घेऊन मेक्सिकोतून थेट मध्य अमेरिकेत जायचं. त्याला थोडीफार मंडळी येतील असं वाटलं होतं, जमले साठाहून जास्त ट्रेलर. आणि रस्ते? कुठे खडी, कुठे चिखल, कुठे रस्ताच नाही. ॲक्सल मोडले, स्प्रिंगा तुटल्या, गाड्या तापल्या, माणसंही तापली. निकाराग्वातल्या मानाग्वापर्यंत पोचले ते फक्त चौदा. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम टेस्ट न करता थेट लोकांच्या हातात दिला होता.

दुसरा कोणी असता तर तिथेच हात जोडले असते. वॅलीने काय मोडलं ते बघून घेतलं आणि पुढच्या ट्रेलरमध्ये ते मजबूत केलं. पुढच्या वर्षांत तांडे हीच त्याची प्रयोगशाळा झाली. १९५२ मध्ये ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला दुसरा कारखाना निघाला, तो आजही कंपनीचं मुख्य ठिकाण आहे. १९५५ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात केंटव्हिलला त्याच्या नावाचा क्लब स्थापन झाला. प्रत्येक ट्रेलरला मोठा लाल नंबर, सभासदांना निळी टोपी, मुक्कामाला सगळ्यांनी ठरल्या शिस्तीत ट्रेलर लावायचे. १९५६ मध्ये तांडा युरोपला गेला. १९५७ मध्ये आलेल्या इंटरनॅशनल मॉडेलला बाहेरून वीज-पाण्याची जोडणी न घेताही राहता यायचं.

मग १९५९ मध्ये सगळ्यात मोठी उडी. केपटाउन ते कैरो. ४१ ट्रेलर, शंभराहून जास्त माणसं, त्यातली बरीचशी निवृत्त. सात महिन्यांहून जास्त प्रवास. वाटेत इथिओपियाचे सम्राट हेले सेलासी यांनी ट्रेलर आत शिरून बघितले. शेवटी हे चंदेरी ट्रेलर गिझाच्या पिरॅमिडपुढे उभे राहिले, तो फोटो आजही अंगावर काटा आणतो. मध्य अमेरिकेत साठातले चौदा पोचले होते, त्याला आठ वर्षं झाली होती. रस्ते आफ्रिकेतही वाईटच होते. ट्रेलर आणि तयारी मात्र बदलली होती.

२२ जुलै १९६२ ला वॅली गेला, वय ६६. जगाभोवती तांडा न्यायची त्याची इच्छा राहून गेली होती. क्लबच्या लोकांनी ती १९६३-६४ मध्ये पुरी केली. सिंगापूरहून निघालेला तो तांडा आपल्या भारतातूनही गेला आणि युरोपात लिस्बनला संपला. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या तिघा अंतराळवीरांना ज्या बंद खोलीत ठेवलं, तीही बदल केलेला एअरस्ट्रीमच होती. राष्ट्राध्यक्ष निक्सन खिडकीबाहेर आणि तिघे आत, तो फोटो आपण सगळ्यांनी बघितलाय. गाढवाच्या गाडीत राहणाऱ्या मेंढपाळ पोराचं घर तिथवर पोचलं.

हे सगळं वाचून मी काय केलं? सांगतो. मी गॅरेजच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. कारण माझ्यासारख्याला धोका लांबच्या प्रवासाचा नसतोच. आफ्रिकेला निघालेला माणूस सहा महिने तयारी करतो. साठ मैलांवर निघालेला माणूस सायकली मागे टांगतो आणि किल्ली फिरवतो.

त्या कागदावर पहिलं आहे वजन. जड सामान चाकांच्या थोडं पुढे आणि खाली, मागच्या टोकाला उशा आणि पांघरुणं. पुढच्या दांड्याचा भार, ज्याला इथे टंग वेट म्हणतात, तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. आमच्यासारख्या ३,००० पौंडांच्या ट्रेलरला ३०० ते ४५० पौंड. कमी भरला तर गाडी उलाळ. जास्त भरला तर पिकअपची शेपटी बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट ऐकत नाही. हा भार मोजायचे काटे मिळतात, अंदाजावर जाऊ नका.

मग जोडणी. कपलर बॉलवर पूर्ण बसून कुलूपबंद झालाय का? यासाठी जॅकने दांडा थोडा वर उचलून बघायचा, पिकअपची मागची बाजू सोबत उचलली गेली तर पक्का बसलाय. दोन्ही साखळ्या दांड्याखालून एकमेकींवर फुली करून लावायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतो. ब्रेकअवे केबल वेगळी, थेट गाडीला. ट्रेलर सुटला तर ती पिन ओढते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. मग दिवे, टायरमधली हवा, चाकांचे नट. नट पहिल्या ५० मैलांनंतर परत तपासायचे. आमच्या प्रवासात पन्नास मैल म्हणजे जवळजवळ मुक्काम, तरी थांबायचं.

शेवटी रस्ता. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायद्याने ५५ मैल ही मर्यादा आहे, आणि वाऱ्यात तेही जास्त. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर. उतार सुरू व्हायच्या आधी वेग कमी आणि गिअर खालचा. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा, मग हात ज्या बाजूला नेऊ त्या बाजूला ट्रेलरची शेपटी जाते. आणि बायकोला मागे उभं करून तिच्या खुणा बघायच्या, तिच्याशी वाद घालायचा नाही. ही शेवटची ओळ बायकोने वाढवली आहे.

गेल्या वर्षी लेबर डेला परत त्याच जागी गेलो, त्याच रस्त्याने. निघायला अर्धा तास जास्त लागला. पाचेको पासवर वारा तसाच होता, ट्रकही तसेच. एक अठरा चाकी बाजूने गेला, ट्रेलर किंचित हलला आणि सरळ झाला. माझे हात घामाने ओले होते, पण मागच्या सीटवरचं गाणं मधे थांबलं नाही.

कॅम्पग्राउंडवर ते चंदेरी ट्रेलरवाले गृहस्थ काही दिसले नाहीत. रात्री कुकरची शिट्टी झाली तेव्हा शेजारचे दोन-तीन लोक दचकून बाहेर आले, त्यांना वरण-भात वाढला. वॅली बायम असता तर त्यालाही वाढला असता.

 सुट्टीत कुठे निघालात तर निघण्याआधी ट्रेलरभोवती एक चक्कर जरूर मारा.